आधीचा फोटो

अर्जाच्या सातव्या रकान्यात विचारलंय,
छताचे मालक कोण.
मी शिवहऱ्यांचं नाव लिहिलं.
छताखालच्या उन्हाचे मालक कोण,
हे कुठेच विचारलेलं नाही.
नाहीतर तिथे माझं नाव आलं असतं,
तिसरा मजला, गेंडेवाली सडक, लष्कर, ग्वाल्हेर.

आमचं छत म्हणजे गर्डरवर ठेवलेल्या दगडी पटिया.
दिवसभर ऊन खातात
आणि रात्रभर आमच्या अंगावर ते पचवत बसतात.
मे महिन्यात मशीनच्या चाकाला हात लावायचा तर
आधी ओलं फडकं.
लोकांच्या साड्यांना फॉल लावते मी,
घामाचा एक थेंब पडला की रेशमावर डाग,
म्हणून मनगटाला टॉवेल बांधते,
पैलवानासारखा.

ओजसनं मोबाइलवर सगळं वाचून दाखवलं.
छताला पांढरा लेप, आतून थर्माकोलसारखी शीट,
निम्मे पैसे निगम देणार.
लागतील : घरपट्टीची पावती,
स्टॅम्पपेपरवर मालकाची संमती,
आणि छताचा आधीचा फोटो,
लोकेशन चालू ठेवून काढलेला.

शिवहरे खालच्या मजल्यावर एसीत बसतात.
त्यांनी सही दिली, चहाही दिला.
मग म्हणाले, पण वहिनी, खोली थंड झाली की
भाडं पाचशे वाढेल.
थंड खोलीचा रेट वेगळा असतो.
मी कप बशीत ठेवला.
आवाज जरा मोठाच झाला.

फाइल गेली. एप्रिल गेला.
खिडकी क्रमांक चारवरचे कुशवाह म्हणाले, होईल.
मे आला, होईल.
शेहेचाळीस झालं, तेव्हा पोरगा
टेबलाखाली ओलं पोतं अंथरून
डिप्लोमाच्या परीक्षेचा अभ्यास करत होता,
आणि होईल हा शब्द
माझ्या कानात कूलरच्या सुकलेल्या गवतासारखा खरखरत होता.

त्या संध्याकाळी कळीच्या चुन्याच्या तीन गोण्या आणल्या.
पिंपात टाकल्या तर
गारव्यासाठी आणलेला चुना
आधी स्वतःच उकळला, फसफसला, वाफा सोडू लागला.
कुणाला नाही येत राग.
त्यात डिंक घातला, काठीनं ढवळला,
आणि पहाटे तीनपासून आम्ही दोघं छतावर, केरसुणीनं.
जन्मभर लोकांनी मला चुना लावला,
मी लावला तो हा पहिलाच.
उजाडेपर्यंत छत इतकं पांढरं झालं
की शेजारच्या राजावत काकूंनी
डोळ्यांवर हात धरून विचारलं,
कुणाचं लग्न आहे का?

त्याच दुपारी निगमचे भदौरिया आले.

हातात पिस्तुलासारखं यंत्र.
आमच्या छतावर रोखलं : एकेचाळीस.
राजावतांच्या छतावर रोखलं : त्रेसष्ट.
पुन्हा आमच्यावर. पुन्हा एकेचाळीस.
यंत्र त्यांनी पँटवर पुसलं,
जणू चूक काचेवर बसली असावी.
मग मान न वर करता म्हणाले,
पहले का फोटो?

पहिला फोटो नव्हता.
म्हणजे होता ओजसकडे, पतंगाच्या दिवसांतला,
त्यात छत कमी आणि मित्रांची तोंडंच जास्त,
आणि लोकेशन बंद.
त्यांनी शेऱ्यात लिहिलं,
छत मूळचेच पांढरे, अनुदानाची गरज आढळत नाही.
आणि हे लिहिताना
ते आमच्या खोलीत, पटियांखाली,
पंख्याखालीसुद्धा नाही, नुसतेच
जरा जास्त वेळ बसून राहिले.
दोन ग्लास पाणी प्यायले.
निघताना जिन्यात थांबून विचारलं,
डिंक किती घातला होता?
मी सांगितलं. त्यांनी ते
आमच्याच अर्जाच्या झेरॉक्सवर मागे लिहून घेतलं,
घडी घालून खिशात ठेवलं.

जूनची भाडेपावती आली. पाचशे जास्त.
शिवहऱ्यांनी कारण लिहिलेलं नाही,
मीही विचारलं नाही, फक्त
त्यांच्या बायकोच्या साडीच्या फॉलचा दर वाढवला.

ओजस म्हणतो, दिवाळीपर्यंत चुना उतरेल,
छत पुन्हा काळं पडेल,
तेव्हा काढू आधीचा फोटो.
लोकेशन त्यानं आत्तापासूनच चालू करून ठेवलंय.