रिकाम्या पेटीचे चौदा दिवस

पेटी नवी आहे, बिष्णू. आत काही ठेवू नकोस.
सीडरचं लाकूड तहानलेलं असतं,
आज सिगार ठेवलेस तर त्यांचीच ओल पिऊन टाकेल.
आधी लाकडाची तहान भागू दे.

ही दोन पाकिटं, वर चौऱ्याऐंशी छापलेली,
आत ठेव, झाकण लाव, विसरून जा.
पाकिटं संपली, माल उशिरा आला,
तर औषधाच्या दुकानातलं डिस्टिल्ड पाणी,
बशीत स्पंज, बशीखाली प्लास्टिक.
नळाखाली फडकं धरायचं नाही.
मनामात नळाला येतो तो बराचसा समुद्रच,
मीठ काढलेला,
पण काढलं म्हणजे गेलंच, असं कुठं असतं.

हात धू. ऊदाचा धूर घेतलेला कोट बाहेर टांग.
सीडर वास विसरत नाही.

पहिली पेटी मी बिघडवली.
ओल्या फडक्यानं आतून पुसून काढली, देवघर पुसावं तशी,
तिसऱ्या दिवशी सिगार मांडले,
फळी फुगली, झाकण एका कोपऱ्यात उचललं गेलं.
दहाव्या दिवशी पानांवर पांढरं.
मला वाटलं, मुरल्याची खूण, वर येते म्हणतात ती साय.
अबू जासिमनं चष्मा कपाळावर चढवला, बोटानं पुसलं,
खाली हिरवट डाग.
साय झटकली की जाते, म्हणाला. ही राहते.
ओरडला नाही. पगारात चाळीस दिनार कमी आले.

रात्री आक्काला फोन केला.
निपाणीत चाळीस वर्षं विड्या वळल्या तिनं,
सुपात तंबाखू, मांडीवर पानं,
पंचवीस विड्यांचा कट्टा,
आणि बुरशी दिसली की चेकर अख्खा कट्टा छाटात टाकायचा.
ती हसली.
"पानाला पानी पाजतोस व्हय रं?
पानाला ओल द्याची. गोनपाटात गुंडाळून ठेवाचं
आन् सकाळपत्तर हात लावायचा न्हाई."
मग म्हणाली, "एवढी म्हाग इडी वडतंय कोन?"

मिठाचं सांगायचं राहिलं.
बाटलीच्या झाकणात मीठ, मिठावर पाण्याचे चार थेंब,
लापशीसारखं झालं पाहिजे, पातळ नको,
यंत्रासकट पिशवीत बंद, रात्रभर.
सकाळी काट्यानं पंच्याहत्तर दाखवायला हवं.
आपला जुना काटा एकोणऐंशी दाखवतो.
खोटं बोलतो, पण रोज तेवढंच,
चार वजा केले की कामाचा माणूस.

तर आता उघडून बघू नकोस.
बाहेर ऑगस्ट आहे, काचेला घाम फुटलाय,
तू झाकण उचललंस की रस्ता आत येतो.
पहिल्या आठवड्यात हात शिवशिवतील,
माझेही शिवशिवायचे,
रिकामी पेटी राखायला पगार मिळतो
हे पटायलाच सहा दिवस लागतात.
चौदाव्या दिवशी उघड. कोपऱ्यांत बॅटरी मार.
केसाएवढं पांढरं दिसलं तरी स्पिरिटचं फडकं,
मग दार उघडं ठेवून वास जाऊ दे, आणि पुन्हा एक पासून मोज.
काही दिसलं नाही, तर नाक आत घाल.
कोवळ्या पेन्सिलीला टोक काढल्यासारखा वास येईल.
मग ही पाकिटं काढ, एकोणसत्तरची ठेव,
आणि मला हाक मार.

नवा काटा आला तेव्हा
जुना मी सलमाबादला खोलीवर नेला.
माझ्या खाटेमागची भिंत दर उन्हाळ्यात हिरवी होते,
आठजण झोपतो, एसी गळतो,
कुणी मोजत नाही.
खिळ्याला लावला, तासभर थांबलो.
अठ्ठ्याऐंशी.
चार वजा केले.
तेवढ्यात वरच्या खाटेवरून रमझान ओरडला,
दिवा घालव.
मी अंधारात पडून राहिलो, चौऱ्याऐंशी, चौऱ्याऐंशी,
म्हणजे अकरा वर्षं झाली
आणि मी अजून मुरतोच आहे.
उरलेलं स्पिरिट उद्या खोलीवर नेईन.
अबू जासिमला सांगू नकोस.