कुलूपवाल्याची वही

पालेर्मोत धमकी द्यायची तर कुणी ओरडत नाही.
रात्री येऊन कुलपात गोंद भरतात.
सकाळी किल्ली आत शिरत नाही,
एवढंच पत्र. खाली सही नसते.

मग दुकानदार काल्चेदोनियोला बोलावतो.
चाळीस वर्षं तो ही कुलपं कापतोय,
आणि नाव, गल्ली, तारीख, लिरा,
पुढच्या पानांवर युरो,
सगळं एका तेलकट वहीत, हिशेबापुरतं.

माझ्या प्रबंधाला आकडे हवे होते.
चौकीत या बाजाराच्या तक्रारी, वर्षाच्या अकरा.
वहीत त्याच वर्षी दोनशे सहा.
मला आनंद झाला
(असल्या आनंदाची लाज उशिरा वाटते).
नकाशा पसरला, कुलपामागे एक लाल टिंब,
गोवर उठावा तसा बाजार फुलून आला.
मासळीवाल्यांच्या मागची एक गल्ली तेवढी कोरी.
तीन वर्षांत एक टिंब नाही.
कडेला मी लिहिलं: सुरक्षित.

म्हाताऱ्यानं चष्मा कपाळावर ढकलला.
"पोरी, गोंद काही महाग नसतो.
पण जिथं लागतच नाही
तिथं वाया कोण घालवेल?"

दुसऱ्या दिवशी त्या गल्लीत गेले.
निन्फाचं बटणांचं दुकान, खणाखणांचं, अंधारं.
खर्च काय काय होतो, विचारलं.
भाडं म्हणाली, वीज, दोरा, वडिलांची औषधं,
मांजराचं दूधसुद्धा सांगितलं.
मी थांबले. ती खण पुसत राहिली,
पुसलेलाच खण, पुन्हा.
तोंडाला कुलूप म्हणतात ते तेव्हा पाहिलं,
गोंदाचा थेंबही न सांडता लावलेलं.

'सुरक्षित' खोडलं.
त्या जागी काय लिहू,
मार्गदर्शकांनी दोनदा विचारलं,
मी दोनदा विषय बदलला.

मार्चमध्ये पहाटे फोन वाजला.
"ती तुझी कोरी गल्ली," काल्चेदोनियो म्हणाला,
"बटणवालीचं कुलूप. गच्च."
तो हसत होता की खोकत होता, कळलं नाही.
ती फुटपाथवर खुर्ची टाकून बसलीय म्हणे,
शेजारचा खाटीक कॉफी घेऊन आला,
काही बोलला नाही, पण आला.

मी लाल पेन उघडलं.
एवढं जड टिंब आजवर दिलं नव्हतं.

वही नंतर पाहिली:
नाव, गल्ली, तारीख.
रकमेच्या रकान्यात, वाकड्या अक्षरात,
एक डझन बटणं, शिंपल्याची.