दीड मिलिमीटर माया

सेलूत, स्टेशनच्या मागच्या गल्लीत,
म्हैस बांधायचो त्या पत्र्याच्या शेडात
उभं राहिलं एकदाचं मशीन.
चार फूट बाय चार फूट.
रूळ कुणाच्या तरी बंद पडलेल्या कारखान्यातले,
मोटारी जुन्या, टॉर्च तेवढी नवीकोरी,
खाली पाण्याचा ट्रे, वर उभ्या पट्ट्यांची जाळी.
गव्हाणीच्या जागी कॉम्प्रेसर.

सत्तावीस वर्षं गॅसकटर धरला मी.
खडूच्या रेघेवरून हात न्यायचो
आणि वळणावर श्वास रोखायचो.
आता नुसतं बटण दाबून
काळा चष्मा लावून बाजूला उभं राहायचं.
हाताचं काय करायचं ते कळेना,
खिशात घातले.

पहिल्या दिवशी टॉर्च पेटली आणि स्क्रीन गोठला.
दुसऱ्या दिवशीही तसंच.
ठिणगी पडली की कॉम्प्युटरला फेफरं यायचं,
टॉर्च जागच्या जागी जळत राहायची
पत्र्याला बोटभर भोक पडेस्तोवर.
तीन नोझलं खाल्ली तिनं.
मैनोद्दीन वायरमननं मीटर लावून बघितलं,
चपलेच्या टाचेनं जमीन उकरली, म्हणाला,
"कोरडी पडली भाऊ अर्थिंग.
तुमच्या मशीनला जमीनच लागंना."

मग खड्डा खणला. चौथ्या फुटाला मुरूम,
पुढचे दोन फूट पहारीनं.
तांब्याची पट्टी, मग कोळसा, मीठ, कोळसा, मीठ,
बरणी भरावी तसा थरावर थर,
आणि मधोमध पाइपाचं तोंड वर काढलेलं.
नळाला पाणी अकराव्या दिवशी, तरी रोज सांजच्याला
धुण्याचं उरलेलं एक बादली
त्या पाइपात ओततो मी.
अनसूयाकाकू भिंतीवरून डोकावल्या,
"कामून रे, तिथं झाड कुठंय?"
आहे म्हणलं काकू. खाली आहे.

तवापासून स्क्रीन गोठला नाही.

पहिलं काम, शंभरच्या पाइपाला बूच.
शंभरची चकती काढली स्क्रीनवर,
आठ एमएम पत्रा, अर्थचा चिमटा घट्ट,
निळी जीभ सर्रकन गोल फिरली,
चकती पाण्यात पडली, चुर्र.
काय सांगू, गोल! कंपासानं काढावी अशी.
पक्कडीत धरून, निववून, पाइपाच्या तोंडावर ठेवली
तर ठण्ण करून आत. थेट तळाला.

परत मोजलं स्क्रीनवर, शंभर.
पाइप मोजला, शंभर.
चकती हलवून हलवून बाहेर काढली, मोजली,
साडेअठ्ठ्याण्णव.
मशीनला शिव्या घातल्या, विकणाऱ्याला घातल्या.

मथुरा ब्लाउजचे तुकडे कापत बसली होती दारात.
कात्री न थांबवता म्हणाली,
"रेघेवरच कापलं व्हय?
माया कुठं सोडली?"

ज्वाळेला पण रुंदी असते.
दीड मिलिमीटर ती स्वतःच खाते,
निम्मं रेघेच्या आतलं, निम्मं बाहेरचं.
मग बाहेरच्या अंगाला पाऊण सरकवायची रेघ;
भोक पाडायचं तर आतल्या अंगाला.
गॅसकटर तर याच्याहून खादाड.
म्हणजे सत्तावीस वर्षं
हात आपोआप रेघेच्या जरा बाहेरून चालत होता,
माया सोडत होता,
आणि मला कुणी विचारलं असतं
तर म्हणालो असतो, रेघेवरच कापतो मी.

मशीनला सवय नसते. त्याला आकडा लागतो.
भरला.

दुसरी चकती पाइपाच्या तोंडावर बसली,
हातोडीचे दोन ठोके मागून.
मथुरेला दाखवली. तिनं काठावरनं अंगठा फिरवला,
"खालून बुर आहे, घासून घे," एवढंच.
पहिली सैल चकती ती घेऊन गेली.
पंख्यानं उडू नये म्हणून
अस्तराच्या कापडावर ठेवते आता.

एवढं लिहीत बसलो आणि
बादली ओतायची राहिली आज.
लाईट जायच्या आत जाऊन येतो.