उड्डाणाआधीचा कागद

पहाटे चारला सोनेगावात चौतीस अंश.
मे महिना रात्रपाळीलाही हजर असतो.
कागद उडतात म्हणून मी पंखा बंद करते
आणि कोरा तक्ता पुढ्यात ओढते.

तारीख. विमानाचा नंबर. कप्तान लांजेवार.
कुठून: नागपूर.
कुठे: डोंगरातली एक पट्टी, बाराशे मीटर,
शेवटाला सागाची झाडं.
सूचना: तलावाच्या बाजूला घारी.
कोण: नाकाडे शेठ, त्यांचे दोन इंजिनिअर,
आणि ऐनवेळी, पेन्सिलनं, भाचा.

वजन विचारलं की माणसं
वय सांगितल्यासारखं सांगतात.
शेठ म्हणाले ऐंशी. मी ब्याण्णव लिहिलं.
बॅगा म्हणे हलक्याच आहेत.
काट्यावर ठेवल्या. काटा कोणाचा मुलाहिजा ठेवत नाही.
आत संत्राबर्फीचे अकरा डबे.

जाणं सोपं आहे.
परत निघायची वेळ बारा,
तेव्हा तिथे बेचाळीस असेल,
हवा इतकी पातळ की पंखांना धरायला काही नाही.
मी आलेखावर फूटपट्टी ठेवली.
रेघ सागाच्या झाडांतून गेली.
पुन्हा ठेवली.
तीच झाडं.

"थोडं तेल कमी करा ना मॅडम,
पाऊण तासाचं तर अंतर."

तक्त्यात एक रकाना असतो: पर्यायी विमानतळ.
निघालात तिथे उतरता आलं नाही, तर कुठे.
त्या रकान्याचं तेल मी कोणाला देत नाही.
माझ्या लग्नपत्रिकेत हा रकाना नव्हता.
जागा होती खरं तर,
तिथे 'कृपया आहेर आणू नये' छापलं होतं.

बोदेले साहेब शिकवायचे तेव्हा
पेन्सिल त्यांच्या कानावर असायची.
"पोरी, खोडायचं ते इथंच खोडून घे.
वर रबर चालत नाही."

मी म्हटलं, "ब्याऐंशी किलो उतरवा."
शेठनी माझ्याकडे पाहिलं, मग कप्तानाकडे.
लांजेवार बुटाची नाडी बांधत होते, वर न बघता म्हणाले,
"मॅडमची सही नाही, तं मी बी इथंच चहा पिऊन राहिलो."

भाचा उतरला. सोबत सात डबे.
पाच वीसला विमान गेलं, मिहानच्या दिव्यांवरून,
आणि तो माझ्या समोरच्या बाकावर बसला,
आजवर कोणी त्याला वजनात मोजलं नसावं अशा चेहऱ्यानं.

सकाळ झाली. त्यानं तर्री-पोहे मागवले, माझ्यासाठी नाही.
दहाला तो झोपला. अकराला मी रेघ परत काढली,
गरज नसताना.
बारा दहाला तिथून निघाल्याचा निरोप.
झाडांबद्दल त्यात काही नव्हतं.

बारा अठ्ठावन्नला चाकं टेकली.
तापलेल्या डांबरावर विमान पाण्यात असल्यासारखं हलत आलं.
मी शेवटचा रकाना भरला.

भाचा खांद्यावरून वाकून बघत होता.
"तेल उरलं?"
"एक्कावन्न मिनिटांचं."
"म्हणजे वायाच गेलं."
"हो. रोज वाया जावं म्हणूनच भरते."

तो जरा वेळ काही बोलला नाही.
मग एक डबा उघडून माझ्यापुढे सरकवला.
बर्फीचा तुकडा मी तक्त्याच्या कोपऱ्यावर ठेवला,
तिथे तुपाचा डाग पडला.

कागद तसाच फाईलला लावला.