बदली

धंतोलीतल्या दवाखान्याच्या तळघरात
बारा डिस्क. अकरा कामावर.
बारावी नुसती फिरते.

वर रस्त्यावर डांबर चपलेला चिकटतंय,
खाली मी स्वेटर घालून.
कंट्रोलरने विचारलं, ही राखीव कोणासाठी,
एका गटासाठी की सगळ्यांसाठी?
सगळ्यांसाठी, मी म्हटलं.
मग त्याने तिचं माप घेतलं.
राखीव डिस्क बाकीच्यांहून लहान चालत नाही,
एवढा एक मान तिला असतो.

"एका लॉटच्या घेऊ नको," ढाकाटे सर सांगायचे,
"एकदमच जातात बे, जुळ्यांसारख्या."
म्हणून ही सीताबर्डीतल्या दुसऱ्या दुकानातून,
बिलावर वेगळा महिना.

बाबा मिलमध्ये बदली होते.
भोंग्याच्या आधी फाटकाशी उभे,
कोणाला ताप आला, कोणाच्या घरी मयत,
कोणाची सायकल गोळीबार चौकात पंक्चर
त्यावर आमची चूल.
काम लागलं नाही की आठला घरी.
डबा भरलेला.
तोच मग माझ्या दप्तरात.
कोणाचं वाईट चिंतलं नाही, म्हणायचे.
चिंतलं असणार.

सतरा महिने बारावी फिरली,
एक अक्षर अंगावर नाही.
परवा रात्री पावणेतीनला चौथी गेली.
नंदनवनहून स्कूटीवर मी पोचेपर्यंत
बारावीवर एकसष्ट टक्के उतरलं होतं:
कुणाच्या फुफ्फुसावरचा डाग,
उमरेडच्या म्हाताऱ्याची कवटी,
अकरा आठवड्यांचं काहीतरी, मुठीएवढंही नाही.
तिने यातलं काही पाहिलेलं नव्हतं.
बाकीच्या दहाजणींना विचारून विचारून
जुळवत होती.
वॉचमन उईके चहा घेऊन आला.
"कोणी सिरीयस आहे का जी?"
"होतं. बदली लागला."
तो मान हलवून गेला, काय समजला कोण जाणे.

सकाळी चौथ्या खणात नवी डिस्क सरकवली.
कंट्रोलर विचारतो: कॉपीबॅक, चालू की बंद?
कंपनीकडून येतं ते चालूच.
म्हणजे सगळं नवीला उतरवून द्यायचं
आणि बारावी पुन्हा फाटकावर.
कायमवाला बरा होऊन आला
की बाबांना असंच साच्यावरून उठवायचे,
धागा अर्धा असला तरी.

मी बंद केलं.
रजिस्टरात कारण लिहावं लागतं.
लिहिलं: जादा लेखन टाळण्यासाठी.
खोटं नाही ते.

मग बाराव्या खणावर स्केचपेनने लिहिलं, कायम.
आणि कोरी करकरीत ती,
जिने कोणाचं काही बिघडवलं नव्हतं,
तिला राखीव नेमलं.
कोणीतरी उभं लागतंच.
तिचा दिवा हिरवा, न हलणारा,
भोंगा व्हायला पाच मिनिटं असताना
असतो तसा.