डागडुजी

विल्यांदीच्या ग्रंथालयात, तळघरात माझं टेबल.
एस्टोनियातला डिसेंबर, तीन वाजताच दिवा लावायचा.
छताजवळच्या खिडकीतून माणसं दिसत नाहीत,
नुसते बूट दिसतात बर्फातले,
आणि लहान बूट मोजायची मला खोड आहे.

माझ्याकडे येतात ती दुखणाईत पुस्तकं.
पाठ मोडलेली, कान दुमडलेली,
एकावर तर दात उमटलेत, वरचे दोन, खालचा एक.
मी खळ शिजवते, पातळ कागदाच्या पट्ट्या कापते,
आणि डागांवरून ओळखते कोण कुठे रमलं होतं.

लांडग्याच्या डोळ्यांच्या जागी भोकं.
नखानं पाडलेली, एका दमात नाही, रोज थोडी थोडी.
ससा जेवायला बसतो त्या पानावर
काळ्या पावाचा चुरा, वाळून खडखडीत.
त्याला भरवायला गेलं असणार कुणीतरी.
चंद्र चाटून चाटून निम्मा उरलाय.
शेवटचं पान मात्र बहुतेकांचं कोरं करकरीत.
तिथवर पोचतं कोण? झोप आधी येते.

काल एक अस्वलाचं आलं.
मधली दोन पानं एकमेकांना जखडलेली
स्टेपलरच्या अकरा पिनांनी,
वेड्यावाकड्या, जोर लावून मारलेल्या.
चिमट्यानं एक उचकटली, फटीतून डोकावले:
अस्वलीण होडीत चढते आहे. पिल्लू धक्क्यावर.
चित्रकारानं पिल्लाची पाठच काढली आहे.
तोंड नाही.

नोंदवहीत शेवटचं नाव, ऊकु.
त्याचे बूट मला ठाऊक आहेत, डावी नाडी पिवळी.
मागच्या हिवाळ्यात शेजारी
करडे लोकरी बूट चालायचे, छोट्या पावलांनी.
यंदा रबरी, रुंद, पुढे जाऊन थांबणारे.

नियम म्हणतो, पिना काढा, गंज धरतो.
काढल्या. नियम तो नियम.
मग पांढऱ्या दोऱ्यानं तीच पानं पुन्हा शिवली,
सैल टाक्यांनी, एका ओढीत सुटतील अशी.
दोऱ्याबद्दल नियमात काही लिहिलेलं नाही.

आज पिवळी नाडी दिसली
तशी काहीतरी निमित्त काढून वर गेले.
बाप वाचत होता, खर्जात, चुकत,
शिवणीपाशी आला आणि अडला.
ऊकुनं टाक्यावरून बोट फिरवलं.
ओढला नाही.

"इथे नुसता वारा असतो," तो म्हणाला,
"तू पुढचं वाच."