अनामत

पाचशे रुपये परत मिळतात म्हणे,
मूळ पावती असेल तर.
आठ वर्षांनी गंगापूर रोडच्या त्या कॉलेजात
फाईल छातीशी धरून मी खिडकी क्रमांक चारला.
जाळी नवीन बसवलीय.
आतले भामरे भाऊसाहेब अजूनही
पावतीची मागची बाजू आधी बघतात.

फाईलीत सगळं आहे.
जिमखाना फी, ज्या जिमखान्याचं कुलूप
मी कधी निघालेलं पाहिलं नाही.
संगणक फी. परिसर विकास फी.
विलंब शुल्क, रोजचे दहा, अकरा दिवस,
कारण मनमाडच्या गोदामात
बाबांची हजेरी त्या महिन्यात उशिरा निघाली.
ते मी मेसचं रात्रीचं ताट बंद करून भरलं.
त्याची पावती नाही.

आणि एक पावती माझी नाही.
भोये देवकी महादू, प्रथम वर्ष कला,
ग्रंथालय अनामत, अक्षरी रुपये पाचशे फक्त.

पंपिंग स्टेशनजवळची खोली, कॉट बेसिस.
माझी कॉट खिडकीशी, देवकीची दाराशी,
म्हणजे दूधवाल्याला, घरमालकिणीला,
भाडं कधी देता ह्याला
उठून उत्तर द्यायची ती.
अर्थशास्त्राचं पुस्तक आम्ही दोघींत घेतलं,
रविवार कारंजावर, जुनं, एकशे साठला.
परीक्षा जवळ आली तशी
तिनं भाजीच्या सुरीनं ते मधोमध कापलं.
"हे तुझं, हे माझं. चार दिवसांनी बदलू."

शिष्यवृत्ती प्रलंबित होती.
पोर्टलवर तोच एक शब्द, दिवाळीपासून.
तिसऱ्या दिवशी ती पिंपळगावला गेली,
द्राक्षांच्या पॅकिंगला.
"सीझन संपला की येते.
पावती तुझ्याकडे ठेव, माझ्याकडनं हरवेल."

माझा अर्धा भाग पान एकशे त्रेचाळीसपासून,
वाक्याच्या मधूनच सुरू होतो:
सोडून द्याव्या लागलेल्या पर्यायाचे मूल्य होय.
कशाची व्याख्या, ते तिच्या भागात राहिलं.
पेपरात मी अंदाजानं लिहिलं.
अठ्ठावन्न पडले.

भामरे भाऊसाहेब चष्मा वर करतात.
"हिचे नाही मिळणार.
तीन वर्षांत नेले नाहीत
तर रक्कम परिसर विकासाला जाते."
आणि माझे?
"तेच सांगतोय ताई."

बाहेर नवं कारंजं आहे, निळ्या फरशीचं.
पाणी नाही. कठड्यावर दोन पोरी
एकाच मोबाईलवर नोट्स वाचतायत,
एक बोट सरकवते, दुसरी म्हणते थांब ना.
ह्यातल्या चार-सहा फरशा देवकीच्या असतील.
मी मोजत नाही.
कठड्यावर बसून फाईल बंद करते,
तिची पावती तेवढी बाहेर ठेवते.

सीबीएसवरून पिंपळगावची गाडी
दर अर्ध्या तासाला आहे.
मला हे आठ वर्षांपासून माहीत आहे.